मध कुठला ते तपासणीत कळतं, पण पाक पाजलात तर वेगळंच कळेल

जावळी, पाटण, कराडकडनं एकच प्रश्न येतोय, व्यापारी म्हणतो मध महाबळेश्वर भागाचाच आहे असा लॅबचा रिपोर्ट आणा मगच रेट, तर असं कळतं का?

कळतं, पण मशीनमधनं गावाचं नाव छापून येत नाही. मधातले परागकण बघतात, जांभूळ, हिरडा, गेळा निघाला तर घाटमाथ्याला आधार मिळतो, सूर्यफूल जास्त निघालं तर मग तुम्हीच सांगा पेट्या कुठं होत्या. जांभूळ कोकणातही आहे, म्हणून मातीतनं आलेली खनिजं, पाण्यातल्या हायड्रोजनचा प्रकार, एनएमआर (मधातल्या साखरा आणि बाकी घटकांचा नकाशा काढणारी मशीनची टेस्ट) हे पण बघतात आणि सगळं त्या भागातल्या खात्रीच्या मधाशी ताडून बघावं लागतं.

आता खरं दुखणं. डीलर सांगतो फुलोऱ्यात पण माश्यांना साखरेचा पाक चालू ठेवा, मध डबल निघतो. अजिबात नाही! उसाच्या साखरेतला कार्बन फुलाच्या रसापेक्षा वेगळा असतो, तसली साखर ७ टक्क्यांच्या वर निघाली की मध नापास, मग महाबळेश्वर राहिलं बाजूला. पाक फक्त पावसाळ्यातल्या उपासमारीत, मधकोठी (पेटीचा वरचा मधाचा कप्पा) काढून, पेटीतली वस्ती संपवेल तेवढाच, आणि फुलोरा लागायच्या आधी बंद म्हणजे बंद. आता म्हणतात तांदळाचा सिरप वापरा, तो सापडत नाही. कार्बनच्या टेस्टमधनं सुटेलही, पण एनएमआरला घावू शकतो. डीलर तुमच्याबरोबर लॅबला येणार नाहीये.

कराड-सांगलीकडं गुऱ्हाळं चालू असताना जवळ पेट्या ठेवू नका, माश्या सरळ काकवीवर, रसावर जातात आणि तुम्ही चमचाभर साखर न देता नापास होता. हे फार जणांना माहितीच नसतं.

मध उकळून घट्ट करा हा पण डीलरचाच सल्ला. उकळला की एचएमएफ (मध तापला की साखरेपासून तयार होणारा पदार्थ) वाढतं, मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम आहे. पोळी माश्यांनी मेणानं सीलबंद केल्यावरच काढा, मग पाणी बहुतेक वेळा २० टक्क्यांच्या मर्यादेत राहतं. आणि काचेसारखा दिसावा म्हणून मशीनच्या बारीक फिल्टरमधनं काढू नका, परागच गेले तर मध कुठला ते सिद्ध कशावरनं करणार? साध्या जाळीनं गाळा, बास.

पेट्यांच्या अनुदानाचं खादी ग्रामोद्योग मंडळाच्या महाबळेश्वरच्या मध संचालनालयात विचारा, कागद तेच सांगतील.

माझं म्हणणं एवढंच, प्रत्येक जागेचा मध वेगळ्या डब्यात ठेवा, घाटावरचा आणि खालचा एकत्र ओतू नका. डब्यावर पेट्यांची जागा, तारीख, आजूबाजूला काय फुललं होतं ते लिहा, आणि प्रत्येक काढणीची एक सीलबंद बाटली घरी राखा. व्यापाऱ्यानं नंतर भेसळीचं नाव तुमच्यावर घातलं तर तीच बाटली लॅबला द्यायची.