भिडेपोटी मोजलेली डोकी

"बढती मिळाल्यापासून झोप उडालीय. घरी आले तरी काम डोक्यातून जात नाही. हाताखालच्या कुणाकडून तरी चूक होईल आणि ती माझ्या नावावर पडेल, असं सारखं वाटतं." मी समुपदेशन करते, आणि हे गाऱ्हाणं माझ्याकडे बँकेतल्या, शाळेतल्या, दवाखान्यातल्या माणसांनी मांडलंय. शब्द थोडे इकडचे तिकडे. ऐकताना मला दरवेळी एकच बाई आठवतात, म्हणून त्यांचीच हकिकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ठाण्यातल्या एका सार्वजनिक तरणतलावावर त्या मुख्य प्रशिक्षक. वय छत्तिशीच्या आसपास, राहायला कळव्याला. तलावावर लहानथोर सगळे त्यांना मॅडम म्हणतात, मीही तेच म्हणते. नौपाड्यातल्या माझ्या खोलीवर त्या आल्या त्या नवऱ्याने फारच आग्रह धरला म्हणून. निमित्त झालं होतं डोंबिवलीच्या एका मुंजीचं. हॉलभर पंधरा-वीस पोरं धावत होती आणि मॅडम दर पाच-दहा मिनिटांनी त्यांची डोकी मोजत होत्या. पंगतीत बसल्यावरही. जिलबी घेऊन वाढपी समोर उभा आणि ह्यांचं तोंडातल्या तोंडात चाललेलं, "चौदा, पंधरा, तो खांबामागे सोळा..." नवऱ्याने हळूच विचारलं, "काय मोजतेस?" तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपण मोजतोय.

मग बाकीचंही बाहेर आलं. लोकलच्या डब्यात बायका मोजायच्या. रात्री मुलीचा श्वास मोजायच्या. डोळे मिटले की निळं पाणी दिसायचं आणि त्यात नेहमी एक डोकं कमी.

इथे मी पहिली चूक केली. शरीर इतकं ताणलेलं दिसल्यावर आमच्या धंद्यात जे पहिलं हाताशी येतं तेच दिलं, दीर्घ श्वसन. चार आकडे नाकाने आत, सहा आकडे तोंडाने बाहेर. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, पाण्यात तोंडाने बुडबुडे सोडायचे आणि वर येऊन श्वास घ्यायचा, हे मी दिवसाला साठ-सत्तर पोरांना शिकवते. माझा श्वास बरा आहे. माझी झोप बिघडलीय." खोलीत दोघी मॅडम, आणि त्यातल्या एकीला पोहता येत नाही. तलावांच्या शहरात जन्म गेला, तलावपाळीला फेऱ्या मारून चपला झिजल्या, पण गुडघ्यापलीकडे पाण्यात मी कधी गेले नाही. तेव्हा पुढचे दोन तास (दोन बैठकांचे) मी फक्त त्यांचं काम समजून घेतलं.

आणि ते समजल्यावर "काळजी करू नका" हे वाक्य मला बोलताच येईना. त्यांचं सांगणं असं की बुडणारा माणूस ओरडत नाही. हात हलवून कुणाला बोलावत नाही. सिनेमात दाखवतात तसं काही होत नाही. न्यू यॉर्कच्या किनाऱ्यावर काम केलेल्या फ्रँक पिया नावाच्या जीवरक्षकाने १९७०च्या दशकात बुडणाऱ्यांचं चित्रीकरण करून हे मांडलं होतं: तोंड पाण्याच्या वर-खाली होत राहतं, श्वास घ्यायलाच पुरेसा वेळ मिळत नाही, तर हाक कुठून मारणार? हात आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. आणि हे सगळं वीस ते साठ सेकंदांत आटोपतं. बाजूला आई मोबाइल बघत बसलेली असते आणि तिला वाटतं पोरगं खेळतंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. अशा कामात ज्याला काळजी वाटत नाही त्याच्याकडे मी माझी नात पाठवणार नाही.

म्हणजे काळजी खोटी नव्हती. मग झोप का उडाली? पाण्याच्या काठावर त्यांनी पंधरा वर्षं काढली होती आणि मुख्य होऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं. इतकी वर्षं घरी जाऊन गाढ झोपत होत्याच की.

तिसऱ्या बैठकीला मी विचारलं, "मोजणं नक्की कोणत्या दिवशी सुरू झालं?" उत्तर यायला बराच वेळ लागला. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणं, सोडणं, परत गुंडाळणं. मग म्हणाल्या, "मंगळवार होता."

मे महिन्याची सुट्टी, संध्याकाळी साडेपाचची बॅच. सुट्टीत तलावावर नुसती जत्रा असते. एका कोचकडे बारा पोरं असावीत तिथे सतरा-अठरा. उथळ भाग साडेतीन-चार फुटांचा, मग दोरी, आणि दोरीपलीकडे तळाला उतार. त्या उताराची गंमत अशी की एका पावलावर पोराच्या छातीएवढं पाणी असतं आणि पुढच्या दोन-तीन पावलांत डोक्यावरून. आठ वर्षांचा एक मुलगा किकबोर्ड (शिकताना धरायची तरंगती फळी) पकडायला दोरीखालून गेला. बोर्ड सटकला. मॅडम त्या वेळी फीच्या पावत्यांवरून एका पालकांशी हुज्जत घालत होत्या. सहज नजर गेली तर दोरीपलीकडे एक तोंड वर बघत होतं, आभाळाकडे, आणि केस डोळ्यांवर आलेले असूनही पोरगा ते बाजूला करत नव्हता. "केस बाजूला केले नाहीत ना, तिथेच कळलं." पावतीपुस्तकासकट त्यांनी उडी मारली. मुलगा दोन-चार वेळा खोकला, थोडा रडला आणि अर्ध्या तासाने गेटबाहेर वडापाव खाताना दिसला. खोकला किंवा धाप वाढली तर लगेच दवाखान्यात न्या, असं त्याच्या आईला बजावून मॅडम ओल्या कपड्यांनी कार्यालयात जाऊन बसल्या.

"तुमच्याच बॅचचा मुलगा होता?"

"नाही. काकांच्या."

आता काका म्हणजे कोण, ते सांगायला हवं. मॅडम नऊ वर्षांच्या असताना ज्यांनी त्यांना पोहायला शिकवलं ते हे काका. हनुवटीखाली तळवा धरायचे आणि तो कधी काढून घेतला हे पोराला कळायचंच नाही, अशी त्यांची ख्याती. पुढे त्यांनीच मॅडमना स्पर्धांना नेलं, त्यांनीच इथे चिकटवलं. गेल्या वर्षी मुख्य प्रशिक्षकाची जागा निघाली तेव्हा प्रमाणपत्रं मॅडमकडे होती आणि काकांकडे नव्हती, म्हणून अठ्ठावन्न वर्षांचे काका आपल्या विद्यार्थिनीच्या हाताखाली आले. पहिल्या दिवशी पेढे त्यांनीच वाटले. त्या पेढ्यांनी मॅडमची जीभ जी बांधली गेली ती गेलीच.

त्या मंगळवारी काका काठावर उभे होते, तोंड तलावाकडेच होतं, आणि मुलगा त्यांच्या समोरून गेला होता. मॅडम त्यांना एका शब्दाने बोलल्या नाहीत. नोंदवहीतही काही लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर काकांचं नाव लिहावं लागलं असतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र काकांच्या बॅचच्या वेळी त्या काठावर येऊन उभ्या राहू लागल्या. पोरं मोजू लागल्या. आधी दर दहा मिनिटांनी, मग पाच, मग सततच. काकांना सांगितलं, "पालकांच्या तक्रारी असतात, म्हणून जरा उभी राहते."

भीड भिकेची बहीण म्हणतात. मॅडमची भीड रोज थोडी थोडी झोप मागून नेत होती.

इथे एक गोष्ट त्यांना समजावून सांगितली, कारण ती इतरांच्याही कामाची आहे. पुन्हा पुन्हा तपासल्याने खात्री वाढते असं आपल्याला वाटतं. घडतं उलटं. मार्सेल व्हॅन डेन हाऊट आणि मेरेल किंट या नेदरलँड्सच्या संशोधकांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. संगणकाच्या पडद्यावरचा गॅस लोकांना वीस-वीस वेळा बंद करून तपासायला लावला. शेवटी विचारलं, कोणते बर्नर तपासलेत? उत्तरं, ज्यांनी गॅस असा सारखा तपासला नव्हता त्यांच्याइतकीच बरोबर आली. पण आपल्याला नीट आठवतंय हा विश्वास मात्र पार ढासळलेला. मॅडमचं तेच झालं होतं. मोजणी बरोबर असायची, आणि संपल्या क्षणी त्यांचा तिच्यावर भरवसा नसायचा. म्हणून परत एक, दोन, तीन.

मी म्हटलं, "खुर्चीवरचा जीवरक्षक किती वेळ बसवता?"

"वीस मिनिटं. फार तर अर्धा तास. मग बदली. नजर मरते हो, पाण्याकडे बघून बघून."

"आणि तुम्ही किती वेळ बसता?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझी बदली कोण करणार? काका?" आणि स्वतःच्याच तोंडून तो शब्द ऐकून गप्प झाल्या.

पुढच्या दोन बैठकांत आम्ही एका वाक्यावर काम केलं. खरंच, एका. काकांशी काय बोलायचं ते. त्यांचा पहिला खर्डा असा होता: "काका, तुमचा अनुभव एवढा मोठा, मी तुमच्यापुढे पोरच, लहान तोंडी मोठा घास घेते असं वाटेल, राग मानू नका, पण म्हणजे तसं काही झालेलं नाही, तरी..." मुलगा दोरीपलीकडे जायच्या आतच वाक्य बुडालं. मी विचारलं, "पोरगं ओल्या लादीवर धावायला लागलं तर शिट्टी वाजवण्याआधी त्याची माफी मागता का?" मग शब्द छाटत गेलो. मी काका झाले आणि उलट बोलू लागले, "मला शिकवतेस का गं?" वगैरे. मॅडमनी हात वर केला. "काका असं बोलत नाहीत. ते गप्प बसतात." बरं, मी गप्प बसले. पूर्ण मिनिटभर. पंख्याचा आवाज, खाली रिक्षावाल्यांची कुठलीतरी भांडणं. मॅडमच्या कपाळावर घाम आला आणि विसाव्या-पंचविसाव्या सेकंदाला त्या समजूत घालायला लागल्याच: "म्हणजे तुमची चूक होती असं नाही म्हणत मी..." परत पहिल्यापासून. चौथ्या खेपेला त्या गप्प राहू शकल्या. वाक्य उरलं ते असं: "काका, त्या मंगळवारी तो मुलगा दोरीपलीकडे गेला, तेव्हा तुमचं तोंड तिकडेच होतं. मी फार घाबरले. तुम्हाला दिसला नाही का?"

शेवटचा प्रश्न त्यांनीच घातला होता. मला वाटलं होतं तो टोमण्यासारखा वाटेल, काढून टाकू. त्या म्हणाल्या, राहू दे. बरं झालं राहिला.

कारण काकांना खरंच दिसला नव्हता. अर्थात हे लगेच कळलं नाही. त्या दिवशी काकांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि क्लोरीनचा डबा उचलून पंपाच्या खोलीकडे गेले. आठ दिवस कामापुरतं बोलणं. त्या आठ दिवसांत माझीही झोप फारशी बरी नव्हती. आपण एका घरोब्याला चूड लावली की काय असं वाटत होतं. नवव्या दिवशी सगळे गेल्यावर काका मॅडमच्या टेबलासमोर येऊन बसले. संध्याकाळी ऊन येऊरच्या डोंगराकडे उतरलं की त्यांना सगळं पाणी पांढरं दिसायचं. नुसती चकाकी. डोकं आणि लाट यांत फरक कळायचा नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डॉक्टरांनी जानेवारीतच ऑपरेशन सांगितलेलं. पण सुट्टीच्या हंगामात रजा घेतली तर कंत्राटाचं काय होईल या भीतीने कुणाला बोलले नव्हते. तेही मोजतच होते म्हणे, बॅच संपल्यावर, पोरं बाहेर आली की, चपलांचे जोड.

पुढचं झटपट घडलं. काकांची संध्याकाळची बॅच दुसऱ्याने घेतली, त्यांना सकाळची सातची दिली, एका डोळ्याचं ऑपरेशन जूनमध्ये झालं. जीवरक्षकाची खुर्ची संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून असायची, ती हलवून सूर्य पाठीशी येईल अशी ठेवली. चकाकी तरण्या डोळ्यांनाही चुकत नाही. मंगळवारची घटना उशिरा का होईना नोंदवहीत गेली. त्याबद्दल मॅडमना वरून एक पत्र आलं, ते त्यांनी फाइलला लावलं. आणि मोजणी ज्याची त्याच्याकडे गेली: दर दहा मिनिटांनी प्रत्येक कोच आपापला आकडा मोठ्याने पुकारतो, मॅडम फक्त ऐकतात.

तुम्ही पाण्याच्या काठावर काम करत नसाल. पण बढतीनंतर झोप उडाली असेल, तर "माझ्यावर किती जबाबदारी आहे" याची यादी करण्याआधी एवढं बघा, की हाताखालच्या नेमक्या एका माणसाचं काम तुम्ही गुपचूप दुसऱ्यांदा करताय का, आणि त्याला कोणतं वाक्य बोलायचं टाळताय. बहुतेक वेळा असं वाक्य सापडतं. नेहमीच नाही. मोजणं किंवा तपासणं थांबवताच येत नसेल, आठवडेच्या आठवडे झोप नसेल, छातीत धडधड होऊन काम सोडून पळावंसं वाटत असेल, तर नुसत्या बोलण्यावर न राहता मनोविकारतज्ज्ञांना भेटा. मॅडमनाही मी पाठवलं होतं, दीड महिना गोळी घेतली त्यांनी. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

लोकलमधल्या बायका मोजणं सुटायला दिवाळी उजाडली. मुलीचा श्वास अजूनही कधीतरी मोजतात. ते सोडवायच्या भानगडीत मी पडले नाही, आया तेवढं करतातच.

शेवटच्या बैठकीला मॅडम थेट तलावावरून आल्या होत्या, केस ओले, अंगाला क्लोरीनचा वास. काका आता सकाळी साठी उलटलेल्या बायकांना शिकवतात आणि त्या बायका त्यांना अजिबात घाबरत नाहीत, हे रंगवून सांगत होत्या. मी सहज विचारलं, "किती जणी आहेत बॅचला?"

त्या आठवू लागल्या, मग खांदे उडवले.

"काकांना विचारायला हवं."