खो-खो सोडू नकोस

पाठीच्या बाकासाठी ब्रेस (धडाभोवती घालायचं कडक कवच) लागला म्हणून खो-खोच्या संघातून नाव काढून घेऊ नकोस. माझीही पाठ शाळेत असतानाच वाकडी निघाली होती, म्हणून हक्काने सांगते. खेळल्याने बाक वाढत नाही. उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस, म्हणजे असाच कण्याचा बाक, आहे, आणि २००९ साली त्याने १०० मीटर ९.५८ सेकंदांत मारले!

ब्रेस घालून पाटीवर बसणं, खो मिळताच उसळून उठणं जमत नाही. म्हणून सरावापुरता तो काढता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचार. बहुतेकांना परवानगी मिळते. मात्र सराव संपला की घाम पुसून, कोरडा बनियन घालून लगेच ब्रेस चढव. घरी जाऊन घालू म्हटलं की संध्याकाळ गेलीच समज. उंची वाढतेय तोवर ब्रेसच्या तासांना खरी किंमत आहे. बनियन बिनशिवणीचा नाही मिळाला तर उलटा घाल, शिवण बरगडीवर रुतत नाही. काढल्यावर लाल वळ दिसतील; ते अर्ध्या-पाऊण तासात गेले नाहीत किंवा कातडी सोलली, तर पट्टे स्वतः सैल न करता ब्रेसवाल्याला दाखव.

पोहायला लाव, पाठ सरळ होईल, असं कुणीतरी आईला सांगेलच. आवडत असेल तर जरूर पोह, दम वाढतो. बाक मात्र त्याने जात नाही.

पीटीच्या सरांना डॉक्टरांची चिठ्ठी आधीच दे. नाहीतर काळजीपोटी तुला स्कोअर लिहायला बसवतील.