क्लोनिंगवरच्या कादंबऱ्यांत नैतिक प्रश्न नेमका कुठे शोधायचा?

क्लोन कसा तयार केला यापेक्षा त्याच्याकडून काय वसूल केलं जातं, तिथे शोधा. फोंड्याच्या तुमच्या वाचनमंडळात चर्चा तिथूनच सुरू करा. म्हापशात बारावीला जीवशास्त्र शिकवते म्हणून हेही सांगते की क्लोन म्हणजे हुबेहूब प्रत नव्हे, उशिरा जन्मलेलं जुळं भावंड. जनुकं तीच, पण बालपण आणि आठवणी त्याच्या स्वतःच्या. काझुओ इशिगुरो यांची २००५ची ‘नेव्हर लेट मी गो’ घ्या. तिच्यात प्रयोगशाळा जवळजवळ दिसतच नाही. दिसते शाळा, आणि अवयव काढून घेण्यासाठीच वाढवलेली क्लोन मुलं. त्यांची चित्रं गोळा केली जातात, का, तर या मुलांना आत्मा आहे हे बाहेरच्यांना पटावं. मला पुस्तकातलं सगळ्यात क्रूर हेच वाटतं: माणूसपणाचा पुरावा मुलांनीच द्यायचा! बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, जिवंत दात्याचं मूत्रपिंड घ्यायचं तर १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे आधी त्याची संमती लागते. या मुलांना कुणी विचारतच नाही.

मात्र कादंबरीवरून खऱ्या विज्ञानाचा निवाडा करू नका. क्लोनिंगने जन्मलेल्या डॉली मेंढीच्या वेळी २७७ प्रयत्नांतून एकच कोकरू जन्मलं. माणसाबाबत पहिला आक्षेप हाच, की उरलेल्या गर्भांचं आणि ते वाढवणाऱ्या बायकांचं काय? भारतात आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार क्लोनिंगने मूल जन्माला घालण्याला मनाई आहे.