ट्रान्सफॉर्मरच्या सुरुवातीच्या डिझाइनसाठी जेनेटिक अल्गोरिदम वापरू का?

तुम्ही विचारलंय की शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, १०० एमव्हीए, २२०/३३ केव्ही ट्रान्सफॉर्मरचं प्राथमिक डिझाइन कमीत कमी खर्चात बसवायचंय, तर जेनेटिक अल्गोरिदम (उत्क्रांतीसारखे पर्याय मिसळत-निवडत चांगलं उत्तर शोधणारी पद्धत) घेऊ की आणखी काही?

काही घेऊ नका. एकात एक चार लूप लिहा, पुरे.

मी बडोद्याचा, घर दांडिया बाजारात, नोकरी मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मर डिझाइनची. दुसऱ्याच वर्षी हौसेने जेनेटिक अल्गोरिदमचाच एक प्रोग्राम रात्रभर चालवला होता. सकाळी उत्तर तयार: कोअरचा, म्हणजे वाइंडिंगच्या आतल्या पोलादी पत्र्यांच्या गाभ्याचा, व्यास ८१३.४ मिमी. कागद घेऊन शॉपमध्ये गेलो. फोरमनकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "साहेब, आ आठसो तेर क्यांथी लाव्या?" तिथे व्यास २०-२० मिमीच्या पायऱ्यांनी ठरलेले, क्लॅम्प आणि सिलिंडर त्याच मापांचे. ८०० घ्या नाहीतर ८२०.

बरं, २० मिमीने असं काय बिघडतं? करून बघू. ८०० च्या कोअरमध्ये पत्र्याचं निव्वळ क्षेत्रफळ साधारण ०.४५ चौरस मीटर. फ्लक्स डेन्सिटी (कोअरमधल्या चुंबकत्वाची दाटी) १.७ टेस्ला धरली, तर ५० हर्ट्झला ४.४४ × ५० × १.७ × ०.४५, म्हणजे टर्नला (तारेच्या एका वेढ्याला) १७० व्होल्ट. ३३ केव्ही स्टार जोडणीत फेजला √३ ने भागून १९,०५३ व्होल्ट, म्हणून एलव्हीचे (कमी व्होल्टेजच्या वाइंडिंगचे) ११२ टर्न. ८२० केलं की क्षेत्रफळ ५ टक्क्यांनी वाढतं आणि टर्न १०७ वर येतात. तांबं वाचलं म्हणून खूश होऊ नका. बाकी मापं तीच ठेवली तर इंपिडन्स (ट्रान्सफॉर्मरचा प्रवाहाला होणारा अंतर्गत अडथळा, टक्क्यांत) साधारण टर्नच्या वर्गाने घटतो. १५ टक्के हवा होता, तो साडेतेराच्या आसपास येतो. आयईसी ६००७६ या आंतरराष्ट्रीय मानकातली सूट ७.५ टक्क्यांची, म्हणजे १३.८७ च्या खाली गेलात की माल नापास. मग वाइंडिंगची उंची कमी करून इंपिडन्स वर ओढायचा. पण तेवढंच तांबं कमी उंचीत बसवायचं तर वाइंडिंग जाड होतं, लिंबांमधलं (कोअरच्या उभ्या खांबांमधलं) अंतर वाढतं, त्यांना जोडणारा आडवा योक लांबतो, आणि वाचवलेले पैसे पत्र्यात जातात.

म्हणून व्यासाचे ६ पर्याय, एलव्ही टर्नचे ८ (पूर्णांकच, अर्धा टर्न कोणी गुंडाळत नाही), उंचीचे १० आणि करंट डेन्सिटीचे ५ घ्या. झाले २,४००. लॅपटॉपला एवढे हिशेब म्हणजे चहा गाळायच्या आत. फ्लक्स डेन्सिटी वेगळी निवडू नका, ती व्यास आणि टर्नमधून आपोआप निघते. १.७३ च्या वर गेलेलं सगळं फेका, कारण १० टक्के ओव्हरफ्लक्सिंगला (व्होल्टेज चढून फ्लक्स तेवढा वाढला की) तिथे १.९ टेस्ला होतात, कोअरच्या मर्यादेजवळ. नुसती ही चाळणी लावली तरी यादी बरीच आटते.

खर्चात फक्त तांबं-पत्रा धरू नका. ग्राहक टेंडरमध्ये नो-लोड लॉस (भार नसतानाही कोअरमध्ये जाणारी वीज) आणि लोड लॉस (भारामुळे वाइंडिंगमध्ये जाणारी वीज) यांना किलोवॅटमागे दर लावतो, ते किमतीत मिळवा. नो-लोड लॉस वर्षाचे ८,७६० तास चालू असतो. लोड लॉस मात्र भाराच्या वर्गाने बदलतो, ६० टक्के भाराला ३६ टक्केच. त्यामुळे दोन्हींचे दर सारखे नसतात, आणि दर बदलले की तुमचा 'सर्वोत्तम' व्यासही सरकतो.

आता यादी खर्चाप्रमाणे लावा आणि पहिल्या ओळीच्या प्रेमात पडू नका. एक गोष्ट वाढली की दुसरी त्याच प्रमाणात घटते, असा साधा खर्च घेतला तर किमान बिंदूपासून १० टक्के बाजूला जाऊनही खर्च साधारण अर्धा टक्काच वाढतो. तळ इतका सपाट असतो. वरच्या वीस-पंचवीस ओळी घ्या आणि त्यांतून इंपिडन्स सुटीच्या मधोमध असलेली, वाहतुकीत टँक पुलाखालून जाईल इतक्या उंचीची ओळ उचला. उंची फारच अडली तर पाच लिंबांचा कोअर बघा, त्यात योक बुटका होतो.

हॉटस्पॉट (वाइंडिंगमधली सर्वांत तापणारी जागा), स्ट्रे लॉस (भटक्या फ्लक्सचा लॉस), शॉर्ट सर्किटचे फोर्सेस नंतर, त्या दोन-तीन निवडक ओळींवरच. टॅपचं (व्होल्टेज कमी-जास्त करायला वाइंडिंगमधून काढलेल्या जोडण्यांचं) मात्र आत्ताच बघून ठेवा: २२० च्या बाजूला ७४७ टर्न, १.२५ टक्क्यांची पायरी म्हणजे ९.३ टर्न. तुम्ही ९ घेणार, मग टोकाच्या टॅपला व्होल्टेज किती चुकतं ते एका कॉलममध्ये येऊ द्या. लॉसचे दर तुम्हाला काय दिलेत ते खाली लिहा, व्यास कुठून सुरू करायचा ते सांगतो.