गोचिडीचा जीनोम, म्हणजे तिची संपूर्ण जनुकीय माहिती, वाचून नेमकं मिळतं काय? औषध फवारलं की काम भागत नाही का?

फवारणीने भागलं असतं तर प्रश्नच नव्हता. तीच तीच औषधं मारून गोठ्यातल्या गोचिडी त्यांना दाद देईनाशा होतात, हे गुरांचा कुठलाही डॉक्टर सांगेल. आणि रानात फवारणार किती? सिंधुदुर्गात दोडामार्ग, बांदा भागात 2016-17 मध्ये माकडतापाने, म्हणजे गोचिडीतून पसरणाऱ्या विषाणूच्या तापाने, जी माणसं आजारी पडली, ती काजूच्या बागांत आणि जंगलात वावरणारी. तिथे पालापाचोळ्यातली गोचीड शोधणार कोण?

मी गोचिडींच्या डीएनएवरच काम करतो. माकडतापाच्या विषाणूचा जीनोम जेमतेम 11 हजार अक्षरांचा. तो वाचणं आता रोजचं काम झालंय. खरी दमछाक होते ती त्याला वाहून नेणाऱ्या गोचिडीपाशी. अमेरिकेत लाइम रोग पसरवणाऱ्या इक्झोडेस स्कॅप्युलॅरिस या गोचिडीचा जीनोम सुमारे 210 कोटी अक्षरांचा आहे, माणसाच्या जवळपास दोन-तृतीयांश! मलेरियाच्या डासाचा जीनोम 2002 मध्येच आला, हिचा यायला 2016 उजाडलं. तोही लाखो तुकड्यांत, कारण साधारण 70 टक्के मजकूर तोच तोच. कुठला तुकडा कुठे बसतो तेच कळेना. लांबलचक तुकडे सलग वाचणारी यंत्रं आली, तेव्हा 2023 मध्ये नीट जुळवलेली आवृत्ती निघाली. आपल्या गुरांवर सापडणाऱ्या ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लससह सहा जातींचे जीनोम चिनी संशोधकांनी 2020 मध्ये दिले.

नमुन्याचीही भानगड असतेच. गाईच्या कानातून काढलेली टम्म फुगलेली गोचीड चिरडली, तर गाईचाही डीएनए भरपूर येतो आणि रक्तातलं हीम (हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग) पुढच्या रासायनिक क्रियाच अडवतं. म्हणून अंडी किंवा रक्ताला तोंड न लावलेली पिल्लं घेतलेली बरी.

आता मिळतं काय, ते. याच हीमचं घ्या. जवळजवळ प्रत्येक प्राणी ते स्वतः बनवतो. गोचिडीत ते बनवणारी बहुतेक जनुकंच गायब आहेत, म्हणजे ते तिला रक्तातूनच घ्यावं लागतं! चेक संशोधकांनी माद्यांना हिमोग्लोबिन नसलेला द्रव पाजून पाहिला. त्यांनी अंडी घातली, पण पिल्लं निघाली नाहीत. मला विचाराल तर ही तिची सगळ्यात दुखरी नस आहे, आणि औषध शोधायचं तर इथे शोधावं.

दुसरी गोष्ट लाळेची. गोचीड दिवसेंदिवस चिकटून राहते आणि आपल्याला पत्ता लागत नाही, तो लाळेतल्या प्रथिनांचा प्रताप. येल विद्यापीठातल्या गटाने अशा 19 प्रथिनांची एमआरएनए लस गिनीपिगना टोचली. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले. चावलेली जागा लाल झाली आणि गोचिडी लवकर गळून पडल्या. माणसासाठी लस अजून लांब आहे, पण रोगजंतूऐवजी वाहकावरच नेम धरायची ही कल्पना मला पटते.

जनुकं बदलून गोचिडीच संपवता येतील का, असंही तुम्ही विचारलंय. लगेच तरी नाही. त्यासाठी अंड्यात सुई टोचावी लागते, पण अंड्यावर मेणाचा थर असतो, त्यातून ती नीट जात नाही. 2022 मध्ये तो थर टाळून क्रिस्पर, म्हणजे जनुकं कापून बदलायचं तंत्र, जमवलं खरं, पण लाइमवाल्या गोचिडीची एक पिढी व्हायलाच रानात दोन वर्षं जातात. डासासारखी घाई इथे चालत नाही.


तोवर रानात जाताना अंगभर कपडे, गोचिडींना दूर ठेवणारं डेपा तेल, आणि घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ.