इंटरनेट कंपन्यांवर नेट न्यूट्रॅलिटीचे सरकारी नियम हवेत का?

हो, हवेतच. नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने सगळ्या साइट आणि अ‍ॅपना सारखंच वागवणं. ‘पटत नसेल तर कंपनी बदला’ म्हणणं सोपं आहे. घणसोलीत आमच्या बिल्डिंगला गच्चीवरून एकाच केबलवाल्याची वायर येते, मग बदलून जायचं कुठे? त्याने उद्या पैसे मोजणारी अ‍ॅप सुसाट आणि बाकीची रखडत ठेवली, तर तळमजल्यावर पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या ताई स्वतःच्या साइटवर ऑर्डर कशा घेणार? मोठ्या कंपन्या वेग विकत घेतील, ताईंना ते परवडणार नाही.

ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेने, फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार वेगवेगळे डेटा दर लावायला बंदी घातली, म्हणूनच ठरावीक साइट फुकट देणारं फेसबुकचं ‘फ्री बेसिक्स’ भारतात बंद झालं. २०१८ मध्ये साइट अडवणं, मुद्दाम मंद करणं यावरही इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या परवान्याच्या अटींतच बंदी आली. एखादीच साइट सतत रखडत असेल, तर कंपनीकडे तक्रार नोंदवून तक्रारीचा नंबर जरूर घ्या.