लाळग्रंथीचा कॅन्सर पसरेल का, हे बायोमार्करवरून (गाठीच्या पेशींमधल्या तपासता येणाऱ्या खुणांवरून) आधी कळतं का?

काही अंशी कळतं, पण त्यासाठी काढलेल्या गाठीचा तुकडाच तपासावा लागतो. केआय-६७ (पेशींच्या वाढीचा वेग दाखवणारं प्रथिन) जास्त आला तर पेशी झपाट्यानं वाढताहेत असं समजतात. अ‍ॅडेनॉइड सिस्टिक प्रकारात नॉच-१ जनुकात बिघाड असेल तर आजार आक्रमक असतो. तो यकृतात, हाडांत पसरण्याचा धोका वाढतो. अर्थात ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात), स्टेज (आजार किती पसरला आहे) आणि मानेतल्या लसिकाग्रंथींना लागण झाली आहे का, याला आजही जास्त वजन आहे.

सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमा (लाळग्रंथीच्या कॅन्सरचा आणखी एक प्रकार) असेल तर हर-२ आणि अँड्रोजन रिसेप्टर (पेशींच्या वाढीला चालना देणारी दोन प्रथिनं) या चाचण्या आवर्जून करून घ्या. त्या पॉझिटिव्ह आल्या तर नेमकी त्यावरची औषधं देता येतात. रिपोर्टमध्ये त्यांचा उल्लेख नसेल तर डॉक्टरांना विचारा. पॅथॉलॉजीत जपलेल्या ब्लॉकवर (मेणात ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावर) त्या नंतरही होतात.